डिस्क मेली, पण आतला डेटा जिवंत आहे त्याचं काय?

या वेळी मेल उघडले तर निम्मे प्रश्न एकाच रोगाचे निघाले, डिस्क आजारी आहे, आत महत्त्वाचं काहीतरी आहे, एनक्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये असं डेटाला कुलूप, ते कुठलं करू. पावसाळ्यात लाइट जा-ये करायला लागली की दरवर्षी हे होतंच, म्हणून म्हटलं यंदा दुसरं काही नको, हेच घेऊ. नावं काढलीत, गावं ठेवलीत.

प्रश्न – टॅक्स कन्सल्टंट, इचलकरंजी
ताई, ऑफिसच्या पीसीत २ टीबीची हार्ड डिस्क आहे, दीड वर्ष झालं घेऊन. गेल्या आठवड्यापासून मशीन मधेच गोठतं, एक्सेल उघडायला पाच-पाच मिनिटं. कॉम्प्युटरवाल्या पोराने एक सॉफ्टवेअर लावून बघितलं तर पेंडिंग सेक्टर ४८ आले, म्हणाला काका ही गेली, वॉरंटीत आहे तोवर पाठवा, नवीन मिळेल. पण जुनी परत देत नाहीत म्हणे. आत साडेतीनशे क्लायंटचे पॅन, आधार, फॉर्म १६, बॅलन्स शीट, आणि हसू नका, पण काहींचे नेटबँकिंगचे पासवर्डसुद्धा एका एक्सेलमध्ये आहेत. कामाचा डेटा दुसरीकडे काढून घेतलाय. आता ही पुसायला फुल फॉरमॅट मारला तर ११ टक्क्यांवर अडकतो, तीन वेळा करून बघितलं. मग म्हटलं पुसता येत नाही तर एनक्रिप्ट करून पाठवू. पूर्ण डिस्कचं करू की फक्त क्लायंटच्या फोल्डरचं?

उत्तर
दोन्ही नको. आजारी डिस्कवर एनक्रिप्शन चालू करणं म्हणजे ज्याला घरचा जिना चढवत नाही त्याला जोतिबाचा डोंगर चढायला लावणं. विंडोजचं पूर्ण डिस्कचं एनक्रिप्शन म्हणजे बिटलॉकर, ते काय करतं, डिस्कचा एकेक तुकडा वाचतं, त्याला कुलूप घालतं आणि तिथेच परत लिहितं, असं पहिल्यापासून शेवटपर्यंत. सेकंदाला १०० एमबीचा वेग धरला तरी २ टीबी नुसतं वाचायलाच साडेपाच तास, लिहायचे वेगळे, आणि हे चांगल्या डिस्कचं झालं. तुमचा फॉरमॅट जिथे अडकतोय तिथेच हेही अडकणार आणि पुढचे ८९ टक्के उघडेच राहणार, वर तुम्हाला वाटणार की आपण एनक्रिप्ट केलंय.

फोल्डरचं तर त्याहून फसवं. विंडोजमध्ये फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन जे होतं ते ईएफएस, विंडोज २००० पासून आहे. आधीपासूनच्या उघड्या फाइलला ते कुलूप लावतं तेव्हा वाटेत एक उघडी तात्पुरती प्रत बनते आणि काम झालं की डिलीट होते, आणि डिलीट म्हणजे काय तर 'ही जागा रिकामी' अशी नोंद, अक्षरं तिथेच पडलेली. म्हणून तर मायक्रोसॉफ्टने स्वतःच सायफर नावाच्या कमांडमध्ये रिकामी जागा पुसायची सोय दिलीय. शिवाय एक्सेलच्या तात्पुरत्या फाइली, पेजफाइल, फोटोंचे थंबनेल, मेलमधून उघडलेल्या पीडीएफ, हे सगळं तुमच्या क्लायंटच्या फोल्डरबाहेर सांडलेलं असतं, त्याला फोल्डरचं कुलूप हातही लावत नाही.

आता ते ४८ काय ते सांगते. सेक्टर म्हणजे डिस्कवरचा एक छोटा कप्पा. पेंडिंग म्हणजे अशी जागा की तिथलं डिस्कला वाचता आलेलं नाही, पुढच्या वेळी कोणी तिथे लिहायला गेलं की ती ठरवणार, ठेवायची का बाद करायची. बाद केली की राखीव साठ्यातली दुसरी जागा त्या नंबराला जोडते, त्याला रीअलोकेटेड म्हणतात, स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या यादीत ५ नंबरला असतं, पेंडिंग १९७ ला. आणि बाद झालेल्या जागेवर जे लिहिलेलं होतं ते? ते तिथेच. विंडोजला ती जागा दिसतच नाही त्यामुळे वरून कितीही शून्यं ओता, तिथवर पोचत नाहीत. खरं सांगायचं तर ४८ सेक्टर म्हणजे फार तर शे-दोनशे केबी, त्यासाठी रात्रीची झोप घालवायचं कारण नाही, पण फॉरमॅट न पोचलेले ८९ टक्के म्हणजे जवळपास १८०० जीबी, त्यासाठी मात्र जरूर घालवा.

डिस्कच्या आतलीच एक पुसायची कमांड असते, सिक्युअर इरेज, तिची एन्हान्स्ड आवृत्ती बाद जागांवरूनही हात फिरवते असं तिच्या स्टँडर्डमध्ये आहे. करून बघायला हरकत नाही, पण धापा टाकणारी डिस्क ती शेवटपर्यंत नेईल याची खात्री नाही, आणि मधेच बंद पडली तर कुठवर पुसलं ते तुम्हाला कळायला मार्ग नाही.

हेच दुखणं आहे बघा. चालती डिस्क पुसता येते, पण चालती डिस्क सहसा कोणी देऊन टाकत नाही. देऊन टाकायची वेळ येते ती पुसता येत नसते तेव्हा. आणि वॉरंटीत गेलेली डिस्क काही जाळून टाकत नाहीत, बऱ्याच कंपन्या रिपेअर करून, पास करून ती दुसऱ्या कोणाला बदली म्हणून देतात, तुम्हाला येईल तीही कदाचित कोणाची तरी आधीची. मधे कितीजणांच्या हातातून गेली ते देव जाणे. एमआयटीतल्या गारफिंकेल आणि शेलाट या दोघांनी २००३ साली एक अभ्यास छापला, सेकंडहँड १५८ डिस्क विकत घेतल्या, १२९ चालल्या, आणि त्यातल्या फक्त १२ नीट पुसलेल्या होत्या. बाकीच्यांत पत्रं, क्रेडिट कार्डांचे नंबर, आजारपणाचे कागद. आणि या चालणाऱ्या डिस्क होत्या, म्हणजे पुसता येत असूनही कोणी पुसल्या नव्हत्या. आपल्याकडे पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा लॅमिंग्टन रोडच्या गल्लीत हा प्रयोग केला तर काय निघेल याचा मी विचार करत नाही.

तर माझं मत, तुम्हाला आवडणार नाही, वॉरंटी सोडा. पाच-साडेपाच हजारांची डिस्क आणि साडेतीनशे जणांचे आधार यांचा सौदा होत नाही, त्यात पासवर्डची एक्सेल. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात डेटा नीट न सांभाळल्याचा दंड २५० कोटींपर्यंत आहे, तो इचलकरंजीच्या कन्सल्टंटला कोणी लावेल असं म्हणत नाही मी, पण क्लायंटला उत्तर द्यायला तुम्हीच उभे राहणार ना. डिस्क उघडा, आतल्या चकत्या ड्रिलने भोका. ३.५ इंचीच्या चकत्या बहुतेक ॲल्युमिनियमच्या असतात, वाकतात. लॅपटॉपच्या २.५ इंचीच्या बहुतेक काचेच्या, त्या फुटून डोळ्यात जातात, चष्मा घालून करा. आणि ते पासवर्ड मात्र आजच क्लायंटना फोन करून बदलायला सांगा, डिस्कचं काहीही होवो.

नवी डिस्क आली की पहिल्या दिवशी, एकही फाइल टाकायच्या आधी, पूर्ण डिस्कचं एनक्रिप्शन. विंडोज प्रो असेल तर बिटलॉकर, होम असेल तर काही मशीनवर डिव्हाइस एनक्रिप्शन असतं, नसेल तर व्हेराक्रिप्ट, फुकट आहे. बिटलॉकर विचारतो, वापरलेल्या जागेचंच करू का पूर्ण. कोऱ्या डिस्कवर 'वापरलेल्या जागेचं' चालतं कारण बाकी ठिकाणी काही नाहीच, पण आधी वापरात असलेल्या डिस्कवर पूर्णच निवडायचं, नाहीतर जुन्या डिलीट केलेल्या फाइली उघड्याच राहतात. मग पासवर्ड विसरला तरी डिस्क उघडणारी, बिटलॉकरने दिलेली ४८ आकडी रिकव्हरी की, सहा-सहा आकड्यांचे आठ गट, प्रिंट काढून बँकेच्या लॉकरमध्ये. त्यातला प्रत्येक गट ११ ने भागला जातो, त्यामुळे टाइप करताना आकडा चुकला की तिथल्या तिथे ओरडतो, मला हे फार आवडतं. अशी डिस्क दीड वर्षाने मेली तर खुशाल वॉरंटीत पाठवा, फॉरमॅटसुद्धा मारू नका. बाद सेक्टरमध्ये राहिलेलंही कुलूपबंदच असतं.

प्रश्न – इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, पुणे
ताई, लॅपटॉपवर लिनक्स टाकलं तेव्हा फुल डिस्क एनक्रिप्शनला टिक केलं होतं. रूममेट म्हणतो येडा आहेस का, एक सेक्टर खराब झाला की अख्खी डिस्क कायमची बंद, पासवर्ड माहीत असून उपयोग नाही. त्यापेक्षा फाइलसिस्टीम लेव्हलला फक्त होम फोल्डर एनक्रिप्ट कर, गेली तर एकच फाइल जाईल. माझी डिस्क जुनी आहे, रीअलोकेटेड ८ दाखवते. कोण बरोबर?

उत्तर
रूममेटचं जवळजवळ सगळं चूक आहे, पण जेवढं बरोबर आहे तेवढ्याने माझा स्वतःचा घात झालाय, त्यामुळे त्याला येडा म्हणू नकोस.

आधी चूक काय ते. तुझ्या लिनक्समध्ये जे आहे ते लक्स, खाली डीएम-क्रिप्ट, आणि पद्धत एईएस-एक्सटीएस. यात प्रत्येक सेक्टरला वेगळं कुलूप असतं, सेक्टरच्या नंबरावरून ठरणारं, शेजारच्या सेक्टरशी काही देणंघेणं नाही. त्यामुळे मधला एक सेक्टर गेला तर तेवढाच गेला, ५१२ बाइट नाहीतर ४०९६, एनक्रिप्शन नसतं तरी तेवढाच गेला असता. समज सेक्टर वाचला गेला पण एक बिट उलटा आला, तरी उलगडल्यावर १६ बाइटांचा कचरा होतो, पुढचं-मागचं शाबूत. झिप फाइलसारखं सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं हा समज कुठून आला माहीत नाही पण प्रत्येक हॉस्टेलात आहे.

आता बरोबर काय ते. डिस्कच्या सुरुवातीला एक हेडर असतं, लक्स २ मध्ये साधारण १६ एमबीची जागा त्याला राखून ठेवलेली असते. तुझा पासवर्ड म्हणजे डिस्कची खरी किल्ली नव्हे, खरी किल्ली यादृच्छिक आकड्यांची असते आणि ती तुझ्या पासवर्डने कुलूप लावून या हेडरमधल्या की-स्लॉटमध्ये ठेवलेली असते. आणि गंमत बघ, ती ६४ बाइटांची किल्ली तिथे ६४ बाइटांत ठेवत नाहीत, मुद्दाम ४००० पट पसरवतात, २,५६,००० बाइट, म्हणजे ५१२ चे ५०० सेक्टर, आणि अशा रीतीने पसरवतात की त्यातला एक जरी हरवला तरी किल्ली परत जुळत नाही. हा दोष नाही, तेच हवं होतं बनवणाऱ्यांना. कारण वर सांगितलं तेच, डिस्क जुनी जागा बाद करून तिथलं जुनं तसंच ठेवते, उद्या तू पासवर्ड काढून टाकलास आणि जुन्या स्लॉटचा तुकडा कुठल्या बाद सेक्टरमध्ये राहिला, तर त्या तुकड्यावरून कोणाला किल्ली मिळू नये. म्हणजे खराब सेक्टरांपासून वाचवायला जे केलं त्यानेच खराब सेक्टर नेमका तिथे आला तर तू बाहेर राहतोस.

लक्स २ मध्ये हेडरच्या नोंदींच्या दोन प्रती असतात, पण की-स्लॉटची जागा एकदाच. माझ्या वेळी लक्स १ होतं, २०१६ ची गोष्ट, त्यात नोंदीही एकदाच. पोर्टेबल डिस्क लक्सने एनक्रिप्ट केलेली, भावाने विंडोजला जोडली, विंडोजला काही कळेना म्हणून त्याने विचारलं वापरण्याआधी फॉरमॅट करायचा का, आणि भावाने हो म्हटलं. क्विक फॉरमॅट, काही सेकंदांचं काम. डिस्कवर बाबांच्या पंच्याहत्तरीचे सगळे फोटो होते, जवळजवळ प्रत्येक बाइट जागच्या जागी, पासवर्ड मला तोंडपाठ, आणि तरीही काही करता आलं नाही, कारण पहिल्या सेक्टरमध्ये जे सॉल्ट होते, म्हणजे पासवर्डमध्ये मिसळायचे यादृच्छिक आकडे, त्यावर विंडोजची फाइलसिस्टीम एनटीएफएस लिहिली गेली. ती डिस्क मी अजून टाकलेली नाही. का ते विचारू नकोस.

म्हणून आत्ता, हे वाचून संपायच्या आत, क्रिप्टसेटअपची लक्स-हेडर-बॅकअप ही कमांड चालव, एक फाइल मिळेल, ती दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेव. त्याच लॅपटॉपवर ठेवणारी मुलं मी बघितलीत, तिजोरीची किल्ली तिजोरीत ठेवून दार लोटून घेण्यातला प्रकार. एक लक्षात ठेव की ही फाइल जुन्या पासवर्डने उघडते, त्यामुळे पासवर्ड फुटला म्हणून बदललास तर जुनी हेडर फाइल नष्ट करून नवीन घे. व्हेराक्रिप्ट शहाणं आहे, हेडरची दुसरी प्रत व्हॉल्यूमच्या शेवटी स्वतःच ठेवतं. बिटलॉकर आपल्या नोंदी तीन ठिकाणी ठेवतं आणि खराब डिस्कवरून काढायला रिपेअर-बीडीई नावाचं वेगळं साधन आहे, फक्त पासवर्ड किंवा ती ४८ आकडी की हातात पाहिजे.

फाइलसिस्टीम लेव्हलचं म्हणशील तर तिथेही किल्लीची एक जागा असतेच, फक्त रूममेटला ती दिसत नाही. एक्सटी४ या लिनक्सच्या फाइलसिस्टीमवर एफएसक्रिप्ट, लिनक्स कर्नल ४.१ पासून म्हणजे २०१५ पासून आहे, त्याच्या किल्ल्यांच्या नोंदी त्याच फाइलसिस्टीमवर एका लपलेल्या फोल्डरमध्ये असतात. गोक्रिप्टएफएस हे फोल्डर एनक्रिप्ट करणारं साधन एका कॉन्फ फाइलमध्ये मास्टर की ठेवतं, सुरुवातीला ती स्क्रीनवर छापून सांगतं की कागदावर लिहून घ्या, आणि कोणीही लिहून घेत नाही. ती फाइल ज्या सेक्टरवर आहे तो गेला की अख्खं फोल्डर गेलं. एक फरक मात्र खरा आहे. गोक्रिप्टएफएस प्रत्येक ४ केबीच्या तुकड्याला सीलसुद्धा लावतं, एक बिट उलटला तरी तो तुकडा वाचूच देत नाही, एरर देतो. लक्स साधं असेल तर तो १६ बाइटांचा कचरा गुपचूप तुझ्या हातात देतो. रिपोर्टमधला एखादा आकडा बदललेला चालेल का फाइल उघडलीच नाही तर चालेल, हे ज्याचं त्याने बघायचं, मला तरी एरर परवडतो, निदान कळतं की बॅकअपमधून आणायचंय.

पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर, चोरीला जाणारा लॅपटॉप आणि मरणारी डिस्क या दोन्हींसाठी पूर्ण डिस्कचंच ठेव. होम फोल्डरचं केलंस तर स्वॅप, टेम्प, लॉग अशा सिस्टीमने मागे ठेवलेल्या नोंदी बाहेर उघड्या, शिवाय किती फाइली, केवढ्या, कधीच्या, हे सगळं दिसतं, फक्त नावं आणि मजकूर झाकतो. उबंटूने तर १८.०४ पासून इन्स्टॉलरमधला होम एनक्रिप्शनचा पर्यायच काढून टाकला. गोक्रिप्टएफएस किंवा क्रिप्टोमेटर वापर जेव्हा फोल्डर क्लाउडवर चढवायचंय, तिथे त्यांचं खरं काम, पूर्ण डिस्कचं कुलूप तिथे कामाचं नाही, कारण अपलोड होताना फाइल उघडीच जाते.

आणि ८ रीअलोकेटेड. आठावर थांबले तर वर्षभर चालेल, दर आठवड्याला वाढत असतील तर सबमिशनच्या आदल्या रात्री जाणार. तेव्हा उगाच माउंट करून फाइली ओढत बसू नकोस. डीडीरेस्क्यूने आधी अख्ख्या डिस्कची इमेज दुसऱ्या चांगल्या डिस्कवर घे, मॅपफाइल देऊन, म्हणजे मधे बंद पडलं तरी पुढून चालू करता येतं. एनक्रिप्टेड आहे म्हणून त्याला काही फरक पडत नाही, तो सेक्टर उचलतो, आत काय आहे बघत नाही. मग ती इमेज पासवर्डने उघडायची आणि आतल्या फाइलसिस्टीमची दुरुस्ती तिथे करायची. हरवलेले फोटो शोधणारं फोटोरेक चालवायचं तरी उघडल्यानंतरच्या डिव्हाइसवर, कुलूपबंद इमेजवर चालवलंस तर त्याला एकही फोटो सापडणार नाही आणि तू म्हणशील ताईने फसवलं.

प्रश्न – घरी एनएएस (नेटवर्कवरची डिस्कपेटी) ठेवणारे, ठाणे
चार डिस्कचं झेडएफएस (अनेक डिस्क एकत्र बांधणारी फाइलसिस्टीम) आहे, रेडझेड१, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा वाचतो. एक डिस्क मरायला टेकली, बदलतोय. आत्तापर्यंत एनक्रिप्शन केलं नव्हतं कारण वाटलं चारातली एक डिस्क कोणाच्या हाती लागली तरी त्याला चतुर्थांश तुकडे मिळणार, काय कळणार त्यातून. आता नव्याने बांधायचं तर झेडएफएसचं स्वतःचं एनक्रिप्शन घेऊ का खाली लक्स?

उत्तर
'तुकड्यांतून काय कळणार' याने बरेच लोक निवांत असतात. मिररमध्ये तर प्रत्येक डिस्कवर सगळंच असतं, ते सोडा. रेडझेड१ मध्ये १२८ केबीचा रेकॉर्ड तीन डेटा डिस्कांवर पडला तर एकेकीवर सलग ४२-४३ केबी येतं, आणि अगदी छोटी, चारेक केबीपर्यंतची फाइल असेल तर ती अख्खी एकाच डिस्कवर बसते. साध्या लिनक्स रेडमध्ये तर एमडीएडीएम आपणहून ५१२ केबीचा तुकडा धरतं. आधारची पीडीएफ बऱ्याचदा त्याहून लहान असते, कॉम्प्रेशन असो नसो.

दोन्हीतलं निवडायचं तर हे बघा. झेडएफएसचं स्वतःचं एनक्रिप्शन २०१९ साली ०.८ आवृत्तीत आलं. सोय म्हणाल तर फार छान, किल्ली न भरता स्क्रब (सगळ्या डेटाची तपासणी) होतं, डिस्क बदलल्यावर रीसिल्व्हर (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा भरणं) होतं, आणि रॉ सेंडने कुलूपबंद प्रत भावाच्या घरी पाठवता येते, भावाला किल्ली न देता. पण डेटासेटची (झेडएफएसमधल्या कप्प्यांची) नावं, स्नॅपशॉटची (त्या-त्या क्षणाच्या प्रतींची) नावं, प्रॉपर्टी, हे उघडं राहतं, डेटासेटचं नाव 'घटस्फोट-कागद' ठेवलं असेल तर तेवढं वाचता येतं. शिवाय रॉ सेंड आणि स्नॅपशॉट एकत्र वापरताना त्रास झाल्याच्या तक्रारी बरीच वर्षं येत राहिल्यात. लक्स खाली घेतलंत तर बाहेर काहीच दिसत नाही, पण चार डिस्क म्हणजे चार हेडर, चारही बॅकअप, आणि दर वेळी डिस्क बदलली की आधी तिला लक्स, मग झेडएफएस. एखादीचं हेडर बिघडलं तर झेडएफएसच्या लेखी ती डिस्क मेली, इतकंच, हरवलेलं परत मांडायचा हिशोब, म्हणजे पॅरिटी, आहेच, रीसिल्व्हर करा.

तुमचा हेतू मेलेली डिस्क बिनधास्त परत पाठवता यावी हा असेल तर मी लक्स घेईन. हेतू भावाकडचा बॅकअप असेल तर झेडएफएसचं. चेकसम, म्हणजे डेटा बदलला का ते ओळखायचा आकडा, दोन्हीकडे झेडएफएसच बघतंय त्यामुळे वर पुण्याच्या मुलाला सांगितलेला गुपचूप कचऱ्याचा प्रश्न तुम्हाला नाही. आणि मरायला टेकलेली ती जुनी उघडी डिस्क, तिची वाट इचलकरंजीच्या काकांसारखीच, ड्रिल.

प्रश्न – कारखान्यातले आयटी इनचार्ज, नाशिक
आमच्या एसएसडी सेल्फ-एनक्रिप्टिंग आहेत, म्हणजे कुलूप त्या स्वतःच आत लावतात, वेंडर म्हणतो वेगळ्या सॉफ्टवेअरची गरज नाही, स्पीडही कमी होत नाही. बरोबर ना?

उत्तर
२०१८ च्या नोव्हेंबरात नेदरलँड्सच्या रॅडबाउड विद्यापीठातल्या दोघांनी, मायर आणि फान गास्टेल, क्रुशियल आणि सॅमसंगच्या काही मॉडेलांचं फर्मवेअर (डिस्कच्या आतलं सॉफ्टवेअर) उलगडून दाखवलं की त्यातल्या काहींत पासवर्डचा आणि किल्लीचा संबंधच नव्हता, पासवर्ड न कळता डेटा निघत होता. सगळ्यात वाईट म्हणजे तेव्हा बिटलॉकर अशी एसएसडी दिसली की स्वतः काम न करता तिच्यावर सोडून द्यायचा. पुढे २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने नव्या डिस्कसाठी ते बदललं, आता आपणहून सॉफ्टवेअरचंच होतं. पण तुमची मशीन त्याआधी एनक्रिप्ट केलेली असतील तर ती आपोआप बदललेली नाहीत, मॅनेज-बीडीई स्टेटस चालवून बघा, हार्डवेअर असं आलं तर ते काढून पुन्हा करावं लागेल. स्पीडचं म्हणाल तर आजच्या प्रोसेसरमध्ये एईएसच्या सूचना आतच असतात, ऑफिसच्या कामात तुम्हाला फरक कळणारही नाही.

एसएसडीत अजून एक, ती टकटक करून आधी सांगत नाही. बऱ्याच वेळा सकाळी बायोसमध्ये दिसतच नाही, संपलं. मग पुसायचा प्रश्नच येत नाही, पण आतल्या चिपा काढून वाचणारे आहेत. आणि चालू असली तरी वरून पुसून उपयोग थोडा, कारण वेअर लेव्हलिंगमुळे, म्हणजे सगळ्या जागा सारख्या झिजाव्यात म्हणून फिरवून लिहिण्यामुळे, तुम्ही 'तिथेच' लिहिलं असं वाटतं तेव्हा ती दुसरीकडेच लिहीत असते. सुरुवातीपासून सॉफ्टवेअरचं एनक्रिप्शन असेल तरच निश्चिंत.

प्रश्न – निवृत्त शिक्षिका, सातारा
माझ्या पोर्टेबल हार्ड डिस्कचं केबल लावायचं भोक सैल होऊन तुटलं. नातवाच्या मित्राने डबी फोडून आतली डिस्क काढून थेट कॉम्प्युटरला जोडली तर ती कोरी दाखवते आणि फॉरमॅट करू का विचारते. मी आयुष्यात कधी पासवर्ड घातलेला नाही. चाळीस वर्षांच्या शाळेचे फोटो आहेत हो.

उत्तर
बाई, आधी सांगते, फॉरमॅटला नाही म्हणा, आणि त्या मित्राने काढलेली ती हिरवी छोटी पट्टी, जिच्यावर केबलचं भोक होतं, ती कचऱ्यात गेली असेल तर आत्ता जाऊन शोधा.

काही पोर्टेबल डिस्कमध्ये त्या पट्टीवरच्या चिपमध्ये एनक्रिप्शन कायम चालू असतं, पासवर्ड घातला नाही तरी. तुम्ही पासवर्ड न घालणं म्हणजे कुलूप आहे पण किल्ली दारालाच लटकवलेली, एवढाच अर्थ. ती पट्टी मधून काढली की कॉम्प्युटरला दिसतो नुसता कचरा, म्हणून त्याला वाटतं कोरी आहे. २०१५ साली तिघा संशोधकांनी अशा बऱ्याच चिपा उलगडून त्यांतली कुलपं किती कच्ची आहेत ते दाखवलं होतं, पण कच्चं कुलूपसुद्धा आपल्यासारख्याला घरी उघडत नाही.

तुमची डिस्क तशीच आहे असं मी मेलवरून ठामपणे सांगू शकत नाही, पण लक्षणं तीच आहेत, आणि तसं असेल तर बातमी वाईट नाही. डिस्क बिघडलेली नाही, फोटो आत आहेत. मोबाइल दुरुस्त करणारा जो चार्जिंगचा पोर्ट बदलून देतो ना, त्याच्याकडे ती पट्टी न्या आणि म्हणा हे भोक सोल्डर करून दे, दुसरं काही करू नको, डिस्कला हात लावू नको. जमलं की पट्टी परत त्याच डिस्कला लावायची, दुसरी पट्टी नको, आणि चालू झाली की त्याच दिवशी फोटो दोन ठिकाणी उतरवून घ्यायचे. पट्टीच जळली असेल तर मग डेटा रिकव्हरीवाला, त्यांना हा प्रकार माहीत असतो, फक्त फोनवर आधी विचारा की पट्टीतलं एनक्रिप्शन असलेली डिस्क घेता का, नाही म्हणाला तर कुरिअर करू नका.

पट्टी सापडली का ते कळवा.